वादळाच्या उजव्या हाताला कोण आहे ते सांगा

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय अशी कुणकुण लागली की व्हॉट्सॲपवर तो फोटो येतोच. लाल-जांभळा भोवरा थेट मुंबईवर, तारीख आठ-दहा दिवस पुढची, खाली 'सर्वांना पाठवा'. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते. तरीही किनाऱ्यावरच्या कुणीही त्या फोटोवरून काही ठरवू नये, हे मी कळकळीने सांगते.

तो फोटो म्हणजे हवामानाचं गणित करणाऱ्या एका संगणकी मॉडेलने एका वेळी काढलेलं उत्तर. मॉडेल वातावरणाचे चौकोन पाडतं. अमेरिकेच्या जीएफएस या मॉडेलचे साधारण १३ किलोमीटरचे, युरोपच्या मॉडेलचे ९ चे. प्रत्येक चौकोनात आत्ताचा वारा, दाब, तापमान, बाष्प भरायचं आणि गणित पुढे पुढे सोडवत न्यायचं. गोम आहे ती या 'आत्ताच्या' आकड्यांत. भर समुद्रात मोजणार कोण? समुद्रात तरंगणारी मापनयंत्रं (बॉय) आणि जहाजं मोजकीच, बाकी भिस्त उपग्रहांवर. अटलांटिकमध्ये वादळाच्या पोटात विमान घालून मोजमाप घेतात, आपल्याकडे तशी नेहमीची सोय नाही. सुरुवातीला राहिलेला बारीकसा फरक आठवड्याभरात शेकडो किलोमीटरचा होतो. म्हणून युरोपचं हवामान केंद्र सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित पन्नासच्या वर वेळा चालवतं. दर वेळी वादळाच्या वाटेची एक रेघ निघते. त्या सगळ्या रेघा जवळजवळ राहिल्या तर भरवसा धरावा. पांगल्या, तर त्यातली एक उचलून गावभर फिरवण्यात काही अर्थ नाही.

जून २०२३ चं बिपरजॉय आठवा. वादळाला पुढे नेतात ते वरच्या थरांतले वारे, आणि तेव्हा तेच दुबळे होते. पहिले काही दिवस मॉडेलांचं एकमत होईना. अखेर १५ जूनला ते कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ धडकलं. तोवर अंदाज पक्का झाला होता आणि गुजरातने लाखभर माणसं वेळेत हलवली होती.

पण माझं खरं दुखणं निसर्ग वादळाचं आहे. ३ जून २०२०. हवामान खात्याने हरिहरेश्वर ते दमणच्या मध्ये, अलिबागजवळ वादळ धडकेल असं सांगितलं होतं आणि वादळ अलिबागच्या दक्षिणेलाच आलं. अंदाज चुकला नाही. तरी लोकांचं लक्ष मुंबईकडे, आणि मुंबई वाचली म्हटल्यावर सगळ्यांनी सुस्कारा सोडला. इकडे श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, खाडीपलीकडे मंडणगड-दापोली आडवं झालं होतं.

आपल्या गोलार्धात वादळातला वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ जिकडे चाललंय तिकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला वाऱ्याच्या फिरण्यात वादळाच्या चालीची भर पडते, डाव्या हाताला तेवढीच वजाबाकी होते. निसर्ग ईशान्येकडे निघालं होतं. मुंबई डाव्या हाताला पडली, श्रीवर्धन उजव्या.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. ही झाडं उंच आणि सडपातळ, त्यातून वाडीत दाटीने लावलेली. एक मोडलं की शेजारची दोन घेऊन पडतं. नवं रोप लावलं की पहिलं पीक हाती यायला सहा-सात वर्षं जातात. वाडीवर घर चालणाऱ्याने तेवढी वर्षं काय खायचं?

खात्याच्या बुलेटिनमध्ये चारही दिशांचा वारा वेगळा दिलेला असतो. वादळाचं केंद्र किती इकडेतिकडे सरकू शकतं ते दाखवणारा शंकूही असतो. बरेच जण त्या शंकूलाच वादळाचा आकार समजतात. वारा शंकूच्या बाहेरही झोडपतो, हे गावात कुणी सांगत नाही. टीव्हीवर येईपर्यंत या सगळ्याची एक रेघ उरते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेलं, ६ किलोमीटरच्या चौकोनांचं मॉडेल, म्हणजे भारत फोरकास्ट सिस्टीम, मे २०२५ मध्ये सुरू झाली. एवढं बारीक गणित हाताशी असताना जिल्हा प्रशासनाने 'रायगडला इशारा' एवढ्यावर थांबू नये. बंदरावर धोक्याचा बावटा चढला की मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर तालुक्याचं नाव घालून मराठीत लिहावं: आपण वादळाच्या कोणत्या हाताला आहोत आणि केंद्र किती किलोमीटर सरकू शकतं.