‘जी-वॉन म्हणजे शहाणपणाची बाग’: या फिरत्या पोस्टमधलं खरं किती?

कोरियन मालिका बघणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून उगवतो. कधी गुलाबी चौकटीत, कधी रीलवर गाण्यासकट. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच असतं: ‘जी-वॉन हे कोरियातलं सर्वांत लोकप्रिय नाव. अर्थ, शहाणपणाची बाग. मुळात मुलींचं, पण केपॉप आल्यावर मुलांनाही ठेवायला लागले. आणि गंमत म्हणजे हा आपलाच जीवन शब्द आहे, अयोध्येच्या राजकन्येबरोबर तिकडे गेलेला!’ खाली तिरंगे आणि हृदयं.

यातलं बागेचं विधान अर्धं खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. बाकीच्यांना तेवढाही आधार नाही.

कोरियन नाव रोज लिहिलं जातं हांगुल लिपीत, आणि हांगुल फक्त उच्चार सांगते. अर्थ असतो तो हांजात, म्हणजे कोरियनांनी शेकडो वर्षं वापरलेल्या चिनी अक्षरांत. एकाच उच्चाराची हांजा अक्षरं ढिगानं असतात. ‘जी’ म्हणजे शहाणपण असू शकतं, तसंच जाणणं, निर्धार, पोहोचणं, फांदी किंवा जमीनही. ‘वॉन’ म्हणजे बाग, पण उगम, आरंभ, दूर, इच्छा आणि सुंदर स्त्री हेसुद्धा. बाळाच्या नावात कोणती हांजा चालतात याची अधिकृत यादी दक्षिण कोरियाचं सर्वोच्च न्यायालय ठरवतं. 2015 मध्ये ती 8,142 अक्षरांपर्यंत वाढवण्यात आली. त्यातली नुसती ‘जी’ आणि ‘वॉन’ घेतली तरी हजाराच्या वर जोड्या होतात. ‘शहाणपण’ अधिक ‘बाग’ ही त्यातली एक. पोस्टवाल्यांनी ती एक उचलली आणि सगळ्या जी-वॉनांना वाटून टाकली.

हे किती फसवं आहे त्याला इतिहासातलाच दाखला आहे. पाक जी-वॉन (1737 ते 1805), टोपणनाव यॉनाम, हे कोरियातल्या जोसॉन राजघराण्याच्या काळातले नामांकित विचारवंत आणि लेखक. 1780 मध्ये चीनच्या चिंग घराण्यातला सम्राट च्येनलुंग याच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त कोरियाचं शिष्टमंडळ चीनला गेलं, त्यात हे होते, आणि त्या प्रवासाची त्यांची रोजनिशी कोरियन साहित्यातला मैलाचा दगड मानली जाते. त्यांच्या ‘जी’चा अर्थ शहाणपण नाही. तो आहे पाऊल. आणि ‘वॉन’ म्हणजे उगम. बाग कुठेच नाही.

गोष्ट इथेच थांबत नाही. त्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते पाक म्यॉंग-वॉन, यॉनाम यांचे लांबच्या नात्यातले थोरले चुलतभाऊ. यॉनाम यांच्या सख्ख्या मोठ्या भावाचं नाव पाक ही-वॉन. तिघांच्याही नावात शेवटी तेच ‘उगम’ अर्थाचं ‘वॉन’. हा योगायोग नव्हे. कोरियन घराण्यांत एका पिढीच्या भावंडांना एक अक्षर समान देण्याची पद्धत होती, काही घराण्यांत ती अजून पाळतात. त्याला ‘दोल्लिमजा’ म्हणतात. म्हणजे यॉनाम यांच्या आईवडिलांनी ‘वॉन’ हे अक्षर अर्थ आवडला म्हणून निवडलंच नव्हतं, ते घराण्यानं आधीच ठरवून दिलेलं होतं. त्यांच्या हाती होतं फक्त ‘जी’. नावाचा ‘एकूण अर्थ’ शोधून त्यात स्वभाव आणि नशीब वाचणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

आता दुसरे पाक जी-वॉन घ्या. जन्म 1942, मुरलेले राजकारणी, 2020 ते 2022 या काळात दक्षिण कोरियाच्या गुप्तचर संस्थेचे प्रमुख. हांगुलमध्ये त्यांचं आडनाव-नाव यॉनाम यांच्याशी तंतोतंत जुळतं. हांजा मात्र वेगळी: शहाणपण आणि आरंभ. दोन माणसं, एकच लिखाण, अर्थाचा एकमेकांशी संबंध नाही.

काही पोस्टी बागेऐवजी ‘जी-वॉन म्हणजे आधार देणारी’ असंही सांगतात. हा अर्थ कुठून आला ते उघड आहे. कुणीतरी ते नाव भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं असणार. कोरियनमध्ये ‘जीवॉन’ हा रोजच्या वापरातला शब्दही आहे, आणि त्याचे अर्थ मदत-पाठबळ, नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी अर्ज करणं असे आहेत. ॲपला ते नाव आहे हे कळत नाही. त्याच न्यायानं ‘वॉन’ म्हणजे पैसे असंही सांगता येईल, कारण कोरियन चलनाचं नाव हांगुलमध्ये अगदी तसंच लिहितात.

मुळात मुलींचं, नंतर मुलांनी घेतलं? वरचे दोन्ही पाक पुरुष आहेत. एक अठराव्या शतकातले, दुसरे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मलेले. केपॉपमधलेच दाखले हवे असतील तर सेक्सकीस या गायकगटाचा म्होरक्या उन जी-वॉन 1978 चा, आणि आयकॉन या गटातला बॉबी, ज्याचं खरं नाव किम जी-वॉन. याच नावाची अभिनेत्री किम जी-वॉन आपल्याकडेही माहीत आहे. दुसरी अभिनेत्री हा जी-वॉन (इथे ‘हा’ हे आडनाव), तिचं मात्र हे पडद्यावरचं नाव, मूळ नाव जॉन हे-रिम. तेव्हा नाव एका बाजूकडून दुसरीकडे गेलं असं काही नाही, ते दोन्हीकडे होतं आणि आहे. आपल्याकडे किरण हे नाव मुलाचं की मुलीचं यावर कुणी पोस्ट काढत नाही, तितकीच ही साधी बाब.

एक बारकावा मात्र आहे, आणि तो या पोस्टींमध्ये कधीच नसतो. उच्चारातून कळत नाही ते कधी कधी लिखाणातून कळतं. ‘सुंदर स्त्री’ अर्थाचं ‘वॉन’ मुलीच्याच नावात येतं. ‘उगम’ किंवा ‘आरंभ’ कुणालाही चालतं. म्हणजे कानाला उभयलिंगी असलेलं नाव कागदावर तसं असेलच असं नाही.

लोकप्रियतेचं विधान तपासायला सगळ्यांत सोपं, आणि तेच कुणी तपासत नाही. जन्मनोंदीची यंत्रणाही सर्वोच्च न्यायालयाच्याच अखत्यारीत असल्यानं नावांचे आकडे तिथूनच येतात. 1948 मध्ये मुलांत यॉंग-सू पहिलं आणि मुलींत सून-जा. (या ‘जा’मागे जपानी सत्तेची सावली आहे. जपानी बायकांच्या नावातला शेवटचा ‘को’ ज्या अक्षरानं लिहितात, तेच हे.) 1988 मध्ये जी-हून आणि जी-हे. 2008 मध्ये मिन-जून आणि सॉ-यॉन. जी-वॉन पहिल्या जागेवर कुठेच नाही. 1990 च्या सुमारास ते मुलींमध्ये बऱ्यापैकी वर होतं, आणि तो एकूणच ‘जी’नं सुरू होणाऱ्या नावांचा काळ होता: जी-हून, जी-यॉंग, जी-उन, जी-हे. म्हणून तिकडे हे नाव आज पस्तिशी-चाळिशीच्या पिढीचं वाटतं, नव्या बाळाचं कमी. शिवाय 1990 मध्ये तिथे साडेसहा लाखांच्या आसपास बाळं जन्मली आणि 2023 मध्ये सुमारे 2 लाख 30 हजार. तेव्हाचा दहावा क्रमांक आणि आत्ताचा दहावा क्रमांक यांची गाठ घालण्यातही फारसा अर्थ नाही.

राहिला ‘जीवन’. कानाला जवळ आहे, नाकारत नाही. पण ‘जी’ आणि ‘वॉन’ हे चिनी अक्षरांचे कोरियन उच्चार आहेत. उगम, आरंभ, बाग, दूर या अर्थांची तीच अक्षरं आजच्या चिनीत ‘युआन’ अशी वाचली जातात, आणि ‘शहाणपण’ अर्थाचं ‘जी’ तिथे साधारण ‘च’सारखं ऐकू येतं. मुळाकडे सरकावं तसतसं ‘जीवन’शी साम्य विरत जातं. संस्कृत शब्द असता तर उलट झालं असतं.

राजकन्येची कथा खोटी म्हणून कुणी उडवून लावायची गरज नाही. तेराव्या शतकातल्या एका कोरियन ग्रंथात ती आहे: आयुता नावाच्या देशातून हॉ ह्वांग-ओक समुद्रमार्गे आली आणि इ.स. 48 मध्ये तिथल्या राजा सूरोशी तिचं लग्न झालं. गिमहे किम आणि गिमहे हॉ ही घराणी तिला आपली आद्यमाता मानतात, अयोध्येत तिचं स्मारकही आहे. आयुता म्हणजे अयोध्याच का, हा वेगळा वाद. पण ही कथा कुळाच्या उत्पत्तीची आहे. तिनं जहाजातून मुलांची नावं आणली असं तीही सांगत नाही.

रांजणगाव-तळेगावच्या पट्ट्यात कोरियन लोकांबरोबर काम करणाऱ्या मंडळींना या सगळ्याचा एक रोकडा उपयोग आहे. ‘किम जी-वॉन’ नावाच्या व्यक्तीला पहिला मेल लिहायचा असेल तर साहेब की मॅडम हे नावावरून ओळखायला जाऊ नका. ‘किम जी-वॉन निम’ लिहा. हा आदरार्थी शब्द बाई-पुरुष दोघांनाही चालतो. आणि ‘डिअर जी’ तर मुळीच नको. ‘जी-वॉन’ हे सगळं मिळून एक नाव आहे, ‘किम’ हे आडनाव. नुसतं ‘जी’ म्हणून त्यांना कुणी हाक मारत नाही.

ज्यांना नावं आणि त्यांचे अर्थ यांची यादीच करायची आहे त्यांनी हांजा नसलेली अस्सल कोरियन नावं घ्यावीत. ‘हानुल’ मुलालाही ठेवतात, मुलीलाही, आणि त्या शब्दाचा अर्थ आकाश.