इंजिन सुरू करायला 25 लिटर डिझेल लागत नाही

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात डब्ल्यूडीएम-2 जातीचं 18040 क्रमांकाचं इंजिन जपून ठेवलंय. अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आलेलं, या जातीचं आपल्याकडचं पहिलं. अशाच इंजिनांबद्दल एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: ‘डिझेल इंजिन एकदा बंद केलं की पुन्हा सुरू करायला 25 लिटर डिझेल आणि अर्धा तास लागतो, म्हणून ते स्टेशनात चालूच ठेवतात. शिवाय बंद करायचा चालकांना कंटाळा.’

आधी 25 लिटरचं बघू. या इंजिनाला पहिला फेरा देतात त्या बॅटऱ्या. त्यांचा प्रवाह मुख्य जनरेटरला मिळतो, जनरेटर तेवढ्यापुरता मोटर होतो आणि 16 सिलिंडरांचा क्रँकशाफ्ट फिरवतो. म्हणजे सगळ्यात जड काम विजेवर होतं. हे चालतं काही सेकंद. मुख्य इंजिन नुसतं उभं राहून चालू असताना तासाला साधारण 25 लिटर डिझेल पितं, हा रेल्वेनंच दिलेला आकडा आहे. तासाभराचं इंधन काही सेकंदांत जाईल कुठून?

अर्ध्या तासाच्या गोष्टीत मात्र थोडं तथ्य आहे, फक्त ते इंजिनाचं नाही, ब्रेकचं आहे. डब्ल्यूडीएम-2 मध्ये ब्रेकसाठी हवा आणि निर्वात तयार करणारा एक्सप्रेसर थेट इंजिनाच्या शाफ्टला जोडलेला असतो. इंजिन थांबलं की तोही थांबतो. मग गळतीनं दाब उतरत जातो, गाडीचे ब्रेक आवळले जातात. लांबलचक मालगाडीच्या पाइपात पुन्हा पुरेसा दाब भरायला खरोखरच वेळ जातो, आणि तो भरल्याशिवाय गाडी हलवता येत नाही.

बॅटऱ्या जुन्या झालेल्या असतील तर आणखी एक धास्ती असते: बंद केलेलं इंजिन पुन्हा उठलंच नाही तर मागची सगळी वाहतूक अडकते. हे सगळं डोक्यात ठेवून इंजिन चालू ठेवणाऱ्या माणसाला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

थंडीचं कारणही कुणीकुणी जोडतं. ते अमेरिकेतल्या हिवाळ्यात खरं आहे, तिथे इंजिनातलं पाणी गोठू शकतं. नागपूर-पुण्याला ते लागू नाही.

आणि उभ्या इंजिनाचं डिझेल वाया जातं हे रेल्वेला ठाऊक नव्हतं असंही नाही. म्हणूनच पुढे बऱ्याच इंजिनांत वेगळं छोटं इंजिन बसवलं गेलं. गाडी बराच वेळ उभी राहिली की मुख्य इंजिन बंद होतं आणि हे छोटं इंजिन तासाला सुमारे 3 लिटरवर बॅटऱ्या भारतं, ब्रेकचा दाब टिकवतं. पुन्हा सुरू करणं एवढं महाग असतं, तर मुख्य इंजिन बंद करणारी ही सोय कुणी कशाला केली असती?