‘ऑपरेशन झालं, विषय संपला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आत्याने घरच्या ग्रुपवर एक फिरता मेसेज टाकलाय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: हृदयात छिद्र असलेलं मूल आईच्या निष्काळजीपणामुळे जन्मतं, अशा मुलाला पळू-खेळू देऊ नये, मुलगी असेल तर पुढे तिला दिवस जाऊ देऊ नयेत, आणि ऑपरेशन झालं की विषय संपला, पुन्हा डॉक्टरचं तोंड बघायला नको. माझं असं ऑपरेशन अडीच वर्षांची असताना झालं. त्यामुळे गप्प बसवेना.

आधी आईबद्दल. बाळाचं हृदय गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच घडतं, कित्येक बायकांना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. शंभरातल्या साधारण एका बाळाच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो आणि बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही. काहींत गुणसूत्रांचा दोष, आईला झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा एखादं औषध कारणीभूत असतं. रुबेलाची लस आधीच घ्यावी, साखर तपासावी, हे खरंच. पण माझी आई आजही मधूनच म्हणते, “तेव्हा मी सर्दीची गोळी घेतली होती गं.” असले मेसेज त्या गोळीला खतपाणी घालतात.

पळण्याचं म्हणाल, तर ऑपरेशनआधी मला चालवतच नव्हतं. दहा पावलं टाकायची, ओठ-नखं निळसर व्हायची की मी उकिडवी बसायचे. कुणी शिकवलं नव्हतं. तसं बसलं की पायांच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं. टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे माझ्यासारखं हृदयात छिद्र आणि फुप्फुसाकडची वाटही अरुंद, असा दोष असलेली मुलं हा उपाय आपापला शोधतात. ऑपरेशननंतर मात्र सरसकट बंदी कशाला? अमेरिकन खेळाडू शॉन व्हाइटला हाच दोष होता, वर्षाचा होण्याआधी दोन ऑपरेशनं झाली, आणि त्याने 2006, 2010 व 2018 मध्ये स्नोबोर्डिंगचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. काही दोषांत, उदाहरणार्थ महाधमनीची (हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) झडप फार अरुंद असेल तर, जोराचे खेळ खरोखर टाळावे लागतात. ते हृदयतज्ज्ञाने तपासून ठरवायचं, मेसेजने नाही.

गरोदरपण बहुतेकींना नीट नियोजन केलं तर झेपतं. फुप्फुसांतला रक्तदाब फार वाढलेला असेल तर जिवाला धोका असतो, तिथे डॉक्टर स्पष्ट नको म्हणतात. आणि बाळात दोष येण्याची शक्यता वडिलांच्या बाजूनेही थोडी वाढते. मुलग्यांना मात्र मेसेजने मोकळं सोडलंय!

आता शेवटचा मुद्दा. सगळ्यात घातक तोच, कारण तो ऐकायला गोड आहे. कप्प्यांमधलं लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं, तिथे विषय खरंच जवळजवळ संपतो. माझ्यासारख्यांचा नाही. माझ्या छिद्राला ठिगळ लावलं, फुप्फुसाकडची अरुंद वाट रुंद केली, पण ती करताना तिथली झडप गळकी झाली. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे येतं, उजवा कप्पा वर्षानुवर्षं ताणत जातो, आणि माणसाला काही जाणवत नाही. चोविसाव्या वर्षी मी चार जिने सहज चढत होते. एमआरआयच्या बोगद्यात “श्वास सोडा, धरा” ऐकत पाऊण तास पडले, तेव्हा कळलं की कप्पा बराच मोठा झालाय. मग मांडीच्या शिरेतून नळी घालून नवी झडप बसवली. आता दाताचं काही काढायचं असलं तर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं.

तोवर कुणी विचारलं की मी सांगायचे, “छिद्र होतं, बुजवलं.” दोषाचं नावही मला धड ठाऊक नव्हतं. डिस्चार्जचा कागद आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली निघाला.

आत्याच्या नातवाची महाधमनी लहानपणी अरुंद होती, ती रुंद केली. तो आता एकोणीस वर्षांचा आहे. अशांचा रक्तदाब पुढे वाढू शकतो, जागा पुन्हा आवळू शकते. ग्रुपवर लिहिण्याआधी मी आत्याला फोन करून विचारलं, शेवटचं कधी दाखवलं होतं? म्हणाली, “सातवीत असताना.”