म्हणे, कृष्णविवराचा फोटो कॉम्प्युटरने रंगवलाय!

ठाण्यात माजिवड्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड फिरतोय: ‘ब्लॅक होलचा फोटो शुद्ध थाप. प्रकाशच बाहेर येत नाही, मग फोटो कशाचा? रंग खोटा. पृथ्वीएवढी दुर्बीण आहे कुठे? कॉम्प्युटरला कडं काढायला शिकवलं, त्याने काढलं.’ तो वाचून माझ्या नववीतल्या भाचीने विज्ञान प्रदर्शनाचा विषयच बदलला, म्हणून लिहितेय.

शेवटचा आरोप सगळ्यात वाईट, कारण तो सरळ लबाडीचा आहे. फोटोतलं ते उजळ कडं जगभरच्या काही रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी जोडून बनवलंय; दुर्बिणी मोजक्याच असल्याने माहितीत फटी राहतात आणि त्या गणिताने भराव्या लागतात, एवढं मान्य. पण ही शंका आधी फोटो बनवणाऱ्या शास्त्रज्ञांनाच आली होती! एम87 नावाच्या दीर्घिकेतल्या, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहातल्या, या विवराची निरीक्षणं एप्रिल 2017 मधली. चित्र घडवायला चार गट केले, आणि एकमेकांना काही दाखवायचं नाही असं ठरलं. जुलै 2018 मध्ये चित्रं शेजारी मांडली, तर चौघांचंही कडंच, खालून जास्त उजळ. मग मुद्दाम बनवलेला डेटा सॉफ्टवेअरला दिला, ज्यात भोक नसलेली भरीव चकती होती. बाहेर भरीव चकतीच आली. कडं काढायचंच शिकवलं असतं तर तिथेही कडंच आलं असतं ना? 10 एप्रिल 2019 ला सहा शोधनिबंध निघाले, त्यातल्या चौथ्यात हे सगळं आकृत्यांसकट आहे, आणि तो फुकट वाचता येतो. पुढे ग्रीनलंडची दुर्बीण जोडून 2018 मध्ये घेतलेल्या निरीक्षणांतही कडं तेवढंच निघालं, फक्त उजळ भाग सरकला होता.

प्रकाशाचं म्हणाल, तर फोटोत उजळ दिसतो तो भोवतालचा तापलेला वायू. मधला काळोख ही विवराची सावली. हे तेव्हाच्या बातम्यांतही होतं.

रंग निवडलेला आहे, हे खरं. 1.3 मिलिमीटरच्या रेडिओ लहरी डोळ्यांना दिसतच नाहीत. हवामान खात्याच्या रडारवर ढग लाल-पिवळे दिसतात, म्हणून पाऊस खोटा ठरतो का?

राहिली पृथ्वीएवढी दुर्बीण. ती एक बशी नव्हेच. 2017 मध्ये हवाई, चिली, स्पेनपासून दक्षिण ध्रुवापर्यंतच्या आठ दुर्बिणी अणुघड्याळांच्या वेळेवर एकत्र चालवल्या. डेटा इतका की हार्ड डिस्क विमानाने न्याव्या लागल्या. ध्रुवावरच्या तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या. दूरदूरच्या अँटेना जोडून एक मोठी दुर्बीण करायचं हेच तत्त्व नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत वापरतात. तिथे तीस अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्यात. ज्यांना विश्वास बसत नाही त्यांनी माळशेजमार्गे जाऊन बघून यावं.