खिडकी मोठी करायचीय? लिंटेल उडवा!

मुंबईत उजेडाचा भाव काय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा खिडकी मोठी कराच. वरच्या भिंतीचा भार पेलत बसलेली ती काँक्रीटची आडवी पट्टी, लिंटेल, तेवढीच आडवी येते. उडवा.

आमच्या परळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने गेल्या रविवारी उडवली. 2 ते 5, भर वामकुक्षीत, ब्रेकर लावून. मी खाली गेलो तर म्हणतो, "अहो काका, नुसती पट्टी तर आहे!"

इंजिनिअरला बोलावू नका, तो प्रश्न विचारतो. इंटिरियरवाल्याला बोलवा. त्याच्या थ्रीडी चित्रात भिंतीला वजन नसतं.

एसीच्या पाइपचं भोक लिंटेलमधूनच पाडा. मध्ये सळई आली तर कापा.

नवी लिंटेल टाकायचीच झाली, तर दोन्ही बाजूंना 6-6 इंच भिंतीवर टेकवत बसू नका, 2 इंच बास. मुख्य सळया वरच्या अंगाला घाला. ताण खालून येतो हे गवंड्याला ठाऊक असतं, पण त्याला विचारतंय कोण?

तडा गेला? पुट्टी. खाऱ्या हवेने सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की काँक्रीटची खपली काढते. तुम्ही खपलीवर पुट्टी भरा, दिवाळीला रंग द्या. पुढच्या पावसात पुन्हा तडा, पुन्हा पुट्टी. आत सळईचा भुगा झाला तरी बाहेरून भिंत कशी गुळगुळीत! मग एक दिवस छज्जा कोणाच्या तरी डोक्यात पडतो आणि सगळे म्हणतात, अचानक पडला. अचानक? दहा वर्षं पुट्टी खात होता तो!

दाराच्या गणेशपट्टीला मात्र हात लावू नका. वास्तुदोष लागतो.

आणि पहिल्या मजल्यावाल्या, आता नीट ऐक. आपली इमारत कॉलमवर नाही, भिंतींवर उभी आहे. तुझ्या खिडकीवरची भिंत म्हणजे माझ्या ओट्यामागची भिंत. तिथे कोपऱ्यातून तिरकी भेग निघालीय, माझी खिडकी लागत नाही. 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, ते सोसायटीने कधी केलं ते सेक्रेटरीला विचारलं, तर तो तुझाच नवा सोफा बघायला गेला होता! अक्कल गहाण टाकलीस का रे? आज संध्याकाळच्या आत खाली टेकू लाव, उद्या इंजिनिअर आण. आणि जिन्यातल्या डेब्रिजच्या गोण्या उचल. काल आई अडखळली.