रोमँटिक सस्पेन्सच्या सीरिज वाचताय? आधी खुनी कुठवर पुरतो ते बघा

रोमँटिक सस्पेन्सची एखादी वीस-पंचवीस पुस्तकांची सीरिज हाती घेतली की "कुठून सुरू करू?" हा प्रश्न येतोच, आणि त्याची ठरलेली उत्तरं दोन. एक म्हणजे "पहिल्यापासून, प्रकाशनाच्या क्रमाने". दुसरं, "कुठूनही कर, प्रत्येक पुस्तक स्वतंत्र आहे". पहिल्या सल्ल्याने माणूस चौथ्या पुस्तकात कंटाळून सोडून देतो. दुसऱ्याने भलतंच पुस्तक आधी वाचलं जातं आणि चांगल्या रहस्याचा विचका होतो.

या प्रकारात एका पुस्तकात दोन गोष्टी चालतात, एक जोडीची आणि एक गुन्ह्याची. जोडी शेवटी एकत्र येणार हे पुस्तक उघडण्याआधीच माहीत असतं, तोच या प्रकाराचा करार आहे. त्यामुळे पुढच्या पुस्तकात ती दोघं लग्न होऊन, कडेवर पोर घेऊन दिसली तरी फारसं काही बिघडत नाही. खुनी कोण हे कळलं तर मात्र पाचशे पानं गेली. आणि पुढची पुस्तकं ते नाव अगदी सहज टाकतात, कारण पात्रं त्या प्रकरणाच्या जखमा घेऊनच पुढे आलेली असतात. म्हणून क्रम लावताना नायक-नायिका नंतर बघावेत. आधी बघायचं ते हे की कोणता गुन्हा एका पुस्तकात मिटतो आणि कोणता पुढच्या पुस्तकात सांडतो.

कॅरन रोझची पुस्तकं घ्या. 2003च्या 'डोन्ट टेल'पासून तिचं सगळं जग एकच आहे, शहरं तेवढी बदलतात: शिकागो, फिलाडेल्फिया, अटलांटा, मिनियापोलिस, बाल्टिमोर, सिनसिनाटी, सॅक्रामेंटो. एका पुस्तकातली मैत्रीण दुसऱ्यात नायिका होते, एकाचा भाऊ तिसऱ्यात नायक. हे सगळं ओळीने वाचलंच पाहिजे असं अजिबात नाही. पण त्यात काही गाठी आहेत आणि त्या सोडून चालत नाही.

सर्वांत घट्ट गाठ म्हणजे 'डाय फॉर मी' (2007), 'स्क्रीम फॉर मी' (2008) आणि 'किल फॉर मी' (2009). पहिलं फिलाडेल्फियात घडतं. तिथे डॅनियल आणि सुझॅना वार्टानियन ही भावंडं दुय्यम पात्रं म्हणून येतात. दुसऱ्यात डॅनियल नायक, तिसऱ्यात सुझॅना नायिका, आणि कथा जॉर्जियात सरकते. दुसरं पुस्तक पहिल्यातल्या खुन्याच्या घरातून सुरू झालेल्या गोष्टीवर उभं आहे, आणि तिसरं जवळजवळ दुसरं संपतं त्याच घटकेला सुरू होतं. ही तीन सलग वाचायची, मध्ये दुसऱ्या कुणाचंही पुस्तक न घेता. त्यातही एक पथ्य पाळा: पहिलं संपेपर्यंत दुसऱ्याचं मलपृष्ठ वाचू नका. तिथल्या चार ओळींतच पहिल्या पुस्तकातलं रहस्य सांगून टाकलेलं असतं. ई-बुकच्या शेवटी पुढच्या पुस्तकाचं प्रकरण जोडलेलं असेल तर तेही लगेच उघडू नका.

शिकागोची पुस्तकं सैल आहेत. 'आय अॅम वॉचिंग यू' (2004) आणि 'यू कान्ट हाइड' (2006) यांचे नायक रेगन बंधू, तर 'काउंट टू टेन'ची (2007) नायिका मिया मिचेल ही त्यातल्या एकाची पोलिसातली जोडीदार. गुन्हे वेगवेगळे, त्यामुळे क्रम चुकला तरी चालतं. अपवाद एकच: 'काउंट टू टेन'मध्ये मियाच्या घरातलं एक गुपित उघड होतं आणि मिनियापोलिसमधलं 'सायलेंट स्क्रीम' (2010) ते वाचकाला ठाऊक आहे असं धरूनच चालतं. ही दोन उलटी वाचू नका.

सॅक्रामेंटोच्या तिन्ही पुस्तकांत ('से यू आर सॉरी' 2019, 'से नो मोअर' 2020, 'से गुडबाय' 2021) एक पंथ पार्श्वभूमीला आहे आणि त्याचा निकाल तिसऱ्यात लागतो. पहिल्याचा स्वतःचा खुनी वेगळा असल्यामुळे ते एकटं पुरेसं वाटतं, आणि लोक तिथेच फसतात. तिसऱ्याचा नायक टॉम हंटर हा 'डोन्ट टेल'मधला किशोरवयीन मुलगा. अठरा वर्षांनी तो नायक होऊन येतो, त्याची खरी गंमत 2003चं पुस्तक आधी वाचलं असेल तरच.

तेव्हा नव्या वाचकाने 'डाय फॉर मी'पासून सुरुवात करून ती तीन संपवावीत. आवडली तर 'डोन्ट टेल'कडे मागे जावं, तिथून शिकागो, मिनियापोलिस, बाल्टिमोर असं पुढे सरकावं आणि सॅक्रामेंटो शेवटी ठेवावं. प्रकाशनाच्या क्रमाचा आग्रह धरणारे नाक मुरडतील, पण पहिलं पुस्तक हे लेखिकेचंही पहिलंच असतं. तिचा हात नंतर बसला. वाचकाने तिच्या उमेदवारीपासूनच सुरुवात का करावी?

सुझान ब्रॉकमनच्या 'ट्रबलशूटर्स' सीरिजला मात्र हा नियम लागू पडत नाही. तिथे गुन्हे बहुतेक एकेका पुस्तकात संपतात आणि लांबतात त्या जोड्या. सॅम स्टॅरेट आणि अलिसा लॉक यांचं प्रकरण दुसऱ्या पुस्तकात ('द डिफायंट हीरो', 2001) पेट घेतं आणि सहाव्यात ('गॉन टू फार', 2003) मार्गी लागतं. मधल्या पुस्तकांचे नायक-नायिका वेगळेच, तरी वाचक पानं उलटतो ते या दोघांसाठी. एफबीआयचा मॅक्स भगत (आडनाव वाचून आपण हमखास थबकतो) आणि जीना यांचं सूत तिसऱ्या 'ओव्हर द एज'मधल्या विमान-अपहरणात जुळायला लागतं, आणि त्यांचं स्वतःचं पुस्तक थेट नववं, 'ब्रेकिंग पॉइंट' (2005). कुणी 'गॉन टू फार' सुटं वाचून "या दोघांचं एवढं काय?" म्हणत असेल तर दोष पुस्तकाचा नाही. इथे दोन ते सहा क्रमानेच. पहिलं 'द अनसंग हीरो' (2000) वगळलं तरी अडत नाही, पण दुसऱ्या महायुद्धाचं उपकथानक त्यात इतकं छान उतरलंय की वगळू नये.

जे. डी. रॉबच्या (म्हणजे नोरा रॉबर्ट्सच्याच) 'इन डेथ' सीरिजचा मामला आणखी निराळा. जोडी एकच, ईव्ह डॅलस आणि रोर्क. पुस्तकं पन्नासहून जास्त, पण भविष्यातल्या 2058 साली सुरू झालेली कथा अजून तीन-चार वर्षंच पुढे गेलीय. पहिली तीन क्रमाने वाचा: 'नेकेड', 'ग्लोरी', 'इमॉर्टल' (प्रत्येक नावापुढे 'इन डेथ' आहेच). तिसऱ्याच्या शेवटी लग्न होतं आणि ईव्हची पोलिसातली सहकारी पीबॉडीही तोवर कथेत रुळलेली असते. त्यानंतर अधली-मधली गाळली तरी चालेल. पुढे उड्या मारा, मागे येऊ नका, कारण ईव्हच्या बालपणाचं कोडं थोडं थोडं उलगडत जातं. 'मिडनाइट इन डेथ' ही लघुकादंबरी सातव्या 'हॉलिडे'ला लागूनच घडते, पण प्रथम एका संग्रहात आली, म्हणून यादीत अनेकदा सापडत नाही.

लिंडा हॉवर्डच्या मॅकेन्झी कुटुंबाच्या पुस्तकांबद्दल एवढंच: 'मॅकेन्झीज माउंटन' (1989) आधी वाचा, बाकीची कशीही.

अनोळखी सीरिज असेल तर लेखिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची यादी प्रमाण माना. गुडरीड्स या पुस्तकांच्या संकेतस्थळावर पुस्तकाच्या क्रमांकात 7.5 असा दशांश दिसला तर ती बहुधा लघुकादंबरी. ती कथेच्या ओघात कुठे घडते हे बघा, कधी छापली गेली याला महत्त्व नाही. दुकानाच्या पानावरचं 'सहापैकी चौथं' फार मनावर घेऊ नका. तिथे लघुकादंबऱ्या कधी मोजतात, कधी नाही, आणि एकच पुस्तक शहराच्या उपमालिकेत एक आणि मोठ्या मालिकेत अकरा असू शकतं. मग प्रत्येक पुस्तकाच्या माहितीतले नायक-नायिका लिहून काढा. दोन लागोपाठच्या पुस्तकांत एकच आडनाव आलं, किंवा "त्या भयंकर घटनेनंतर" असं वाक्य दिसलं, की तिथे गाठ आहे असं समजा.

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा किलोवर विकणाऱ्या प्रदर्शनात ही पुस्तकं सुटी सुटीच मिळतात आणि पुनर्मुद्रणाची मुखपृष्ठं फसवतात. कॉपीराइटच्या पानावर पहिल्या प्रकाशनाचं वर्ष बघा, खालचं पुनर्मुद्रणाचं नको. 'किल फॉर मी' एकटंच हाती लागलं तर जरूर घ्या, स्वस्तात सोडू नका. फक्त आधीची दोन मिळेपर्यंत ते पालथं ठेवू नका, मलपृष्ठ वर येईल.