जांभा जरा फिका करता येईल का?

काल सकाळी आमच्याच पडवीत, आमच्याच झोपाळ्यावर बसून मी चहा पीत असताना एका तरुणीने माझ्या खांद्याला कापडाचा एक तुकडा लावला, डोळे बारीक करून पाहिले आणि सोबतच्या मुलाला सांगितले, ‘‘नाही, हे चालणार नाही.’’ ती माझ्या सदऱ्याविषयी बोलत होती, असे घरातल्या सर्वांचे मत आहे. मला ते अजून पटलेले नाही.

पुतणीचे लग्न ठाण्याच्या हॉलमध्ये न करता रत्नागिरीकडच्या मूळ घरी, ऐन मे महिन्यात आणि ‘साधेच पण देखणे’ करायचे, असे दादाने ठाण्यात बसून ठरवले. यंदा 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागत असल्यामुळे मुहूर्त त्याच्या आतलाच धरावा लागला. म्हणजे वरात गेली की लगेच नव्या जावयासाठी 33 अनारशांची तयारी, आणि ती कोणी करायची हे दादाने ठरवलेले नाही. पण तो विषय सौ.चा आहे, मी त्यात पडत नाही.

ती तरुणी लग्नाच्या आयोजकांकडून घर पाहायला आली होती. तिच्याजवळच्या तुकड्याचा रंग साय आणि खडू यांच्या मधला होता, आणि लग्नात जे जे दिसेल ते त्या रंगाशी जुळले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. तो तुकडा तिने तुळशीवृंदावनाला लावला, गोठ्याच्या दाराला लावला, मग घराच्या भिंतीला लावून ती बराच वेळ थांबली.

‘‘काका, हा दगड फार लाल आहे. जरा फिका करता येईल का?’’

‘‘जांभा आहे तो. पावसात काळा पडतो, एवढेच त्याला जमते.’’

तिने ते गंभीरपणे टॅबवर टिपून घेतले. मग तिची नजर फणसावर गेली. झाड तिला आवडले, फणस आवडले नाहीत. इटलीतल्या उन्हाळ्याची कल्पना असल्यामुळे फणस उतरवून त्या फांद्यांना पिवळीधमक लिंबे टांगायची, असे तिने सुचवले. माजघराच्या दारात उभी राहून आई हे सगळे ऐकत होती.

‘‘झाडभर लिंबे?’’ आईने विचारले.

‘‘हो आजी, चारशे तरी लागतील.’’

‘‘आणि मिरच्या?’’

‘‘मिरच्या कशाला?’’

‘‘अगं, एवढी दृष्ट लागणार असेल आमच्या नातीला, तर नुसत्या लिंबांनी कसे भागेल?’’

मुलीने माझ्याकडे पाहिले, मी झोपाळ्याच्या कड्यांकडे पाहिले, आणि टॅबवर मिरच्यांचीही नोंद झाली.

इटलीतला उन्हाळा मी पाहिलेला नाही, पण आमचा चांगला ओळखीचा आहे. इथे पारा विदर्भासारखा चढत नाही. मात्र हवाच इतकी ओली असते की आंघोळ करून बाहेर आलेला माणूस अंग पुसतच राहतो, आणि अशा हवेत गोरज मुहूर्तावर दोनशे माणसांना फिकट कोटांत, मेणबत्त्यांच्या उजेडात आणि पंख्यांवाचून उभे करायचे आहे, कारण पंखे छायाचित्रात वाईट दिसतात. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 साली, मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता, आणि त्याआधीचा वळीव तर पंचांग बघून येत नाही, हे मी तिला सांगितले. पावसाचे ॲप आपण रोज बघतो, असे ती म्हणाली.

अंदाजपत्रक वाचल्यावर मात्र माझे हसू गेले. माझ्या आत्याच्या लग्नात वाडीतल्या माणसांनी पोफळीचे खांब रोवून, रात्री जागून झाप विणून खळ्यात मांडव उभा केला होता. झापांतून मंगलाष्टकांच्या वेळी उंदीर पडला होता, हेही खरे, त्यामुळे जुन्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. पण आता तेच झाप ‘पर्यावरणस्नेही नैसर्गिक छत’ या नावाने कागदावर आले आहेत. माड आमचे, झावळ्या आमच्या, त्या पाडणारा पाडेलीही आमचाच ठरलेला, आणि तरी त्यापुढे वाहतूक खर्च वेगळा लावलेला आहे. माडापासून खळ्यापर्यंतचे अंतर मी तिला चालून दाखवले. दर ठरलेले असतात, असे उत्तर मिळाले.

त्यांच्या नकाशात आमची ओटी, विहीर आणि भाताची कणगी ही सेल्फी काढण्याची ठिकाणे आहेत. शौचालय कुठेच नाही. दोनशे माणसांनी कुठे जायचे, असे मी विचारले, तेव्हा ती प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली, ‘‘तुमचे आहे ना, काका?’’ आहे, एक आहे, गोठ्यामागे आहे, आणि मेमध्ये विहीर तळाला गेली की आम्ही घरची माणसेसुद्धा तिथे पाणी मोजून वापरतो.

संध्याकाळी दादाला फोन करून हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि टँकर मागवायला सांगितले. फक्त तो हिरव्या किंवा निळ्या रंगाचा नसावा, हे बघायला सांगितले.